पान, पडदा आणि कान : वाचकांच्या शंका

छापील पुस्तक, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांतलं काय घ्यावं, असं विचारणारी पत्रं या वेळी बरीच आली. अनेकांना ‘चांगलं कोणतं’ याचं एकच उत्तर हवं आहे. ते देता येत नाही, कारण निवड पुस्तकापेक्षा वाचणाऱ्याचे डोळे, हात, वेळ आणि घरातली हवा यांवर जास्त ठरते. म्हणून ज्यांनी आपली अडचण नेमकी लिहिली, ती पत्रं आधी घेतली आहेत.

आईचं वय ७६. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक टाइप वाचवत नाही आणि जाड पुस्तक धरून मनगट दुखतं. तिला टॅब घ्यावा की ई-रीडर? – एक वाचक, नाशिक

आधी वजनाचा हिशेब मांडू. डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकाराचं ४०० पानी पुस्तक म्हणजे २०० कागद. ७० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणारा कागद असेल तर एक कागद साधारण २.१ ग्रॅम भरतो, म्हणजे नुसती पानंच सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. वर पुठ्ठा बांधणी धरली की अर्धा किलो झाला, आणि तो अंगठ्याच्या ताणावर उघडा धरायचा असतो. सहा-सात इंची ई-रीडर १६० ते २१० ग्रॅमचा असतो. दहा इंची टॅब पुन्हा अर्ध्या किलोच्या घरात जातो. निव्वळ कथा-कादंबऱ्या वाचायच्या असतील तर आईंसाठी ई-रीडरच घ्या.

दुसरं कारण पडद्याचं. ई-रीडरच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या विद्युतभारित कणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. पान उलटताना कण वर-खाली होतात आणि मग तसेच थांबतात. पडदा स्वतः उजळत नाही. कागदासारखा तो बाहेरच्या प्रकाशात दिसतो आणि आतला दिवा कडेने पृष्ठभागावर उजेड टाकतो. त्यामुळे खिडकीशी बसलं तरी काचेसारखं चमकत नाही.

घेताना सहा इंचांपेक्षा सात इंच बरा. सहा इंची पडदा जेमतेम ९ सें.मी. रुंद असतो. टाइप मोठा केला की ओळीत चारच शब्द मावतात आणि ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ असा एखादा शब्द आला की ओळ रिकामी पडते. शक्य असेल तर पानं उलटायला बाजूला बटणं असलेला घ्या. वयामुळे कोरडी पडलेली बोटं स्पर्श-पडद्याला कधी कधी कळतच नाहीत.

आणल्यावर चार गोष्टी तुम्हीच करून द्या. टाइप हवा तेवढा मोठा करा. दोन ओळींतलं अंतर वाढवा, कारण मराठीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, ओळी जवळ आल्या की ते एकमेकांत घुसतात. मजकूर दोन्ही कडांना न ताणता डावीकडे जुळवा, म्हणजे शब्दांमध्ये भगदाडं पडणार नाहीत. आणि सुरुवातीला तीनच पुस्तकं भरा. पन्नास पुस्तकांची यादी दिसली की नवखा माणूस पुस्तकाऐवजी यादीतच अडकतो.

नजरेच्या मधोमध धूसर दिसत असेल किंवा ओळी वाकड्या दिसत असतील तर उपकरण घ्यायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो प्रश्न टाइपाचा नाही.

विकत घेतलेल्या मराठी ई-पुस्तकात अक्षरं फुटलेली आहेत. फोन बदलला तरी तेच. दोष कुणाचा? – एक वाचक, सोलापूर

बहुतेक वेळा दोष फाइलचा असतो, फोनचा नाही. मराठी पुस्तकं बरीच वर्षं श्रीलिपी, आकृती, डीव्ही-टीटी सुरेख अशा फॉन्टांत जुळवली गेली. त्या फॉन्टांत संगणकाला ‘क’ हा क म्हणून ठाऊकच नसतो. रोमन अक्षराच्या जागेवर कचं चित्र बसवलेलं असतं. छपाईत त्याने काही बिघडत नाही. त्याच फाइलचं ई-पुस्तक करायचं तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत आणावा लागतो, आणि तिथे तो फुटतो. रूपांतर यंत्राने झालं आणि नंतर कुणी ओळीवर ओळ ठेवून वाचलं नाही, की तुमच्या हाती आलंय तसं पुस्तक येतं.

फुटण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ही अदलाबदल चुकली की वेलांटी एका ठिपक्या-ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटी लटकते आणि ‘विचार’मधला व पुढे उघडा पडतो. दुसरी जागा अर्ध्या रची. मराठीत तो दोन तऱ्हांनी येतो : ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार आणि ‘दुसऱ्या’मधला आडवा. रूपांतरात आडव्याचा रफार झाला तर ‘दुसर्या’ दिसतं. ते निदान चूक म्हणून कळतं तरी. पण ‘दऱ्या’चं ‘दर्या’ झालं तर डोंगरात समुद्र येतो, आणि ‘आचाऱ्यांना बोलावलं’चं ‘आचार्यांना बोलावलं’ झालं तर स्वयंपाकघरात गुरुजी. असली चूक कुठलंही तपासणीयंत्र पकडत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. तिसरी जागा ‘ॲ’ची. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फाइलींत ‘ॲ’च्या जागी कधी ‘अ’ आणि सुटी चंद्रकोर दिसते, कधी नुसता चौकोन.

म्हणून विकत घेण्याआधी नमुना उतरवून घ्या. तो बहुतेक ठिकाणी फुकट मिळतो. त्यात मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका सोडून सलग पाच पानं वाचा आणि मुद्दाम ऱ्या, ऱ्हा, ॲ, ज्ञ, द्व, ह्म आणि पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरं शोधा. पाच पानांत दोन चुका सापडल्या तर दोनशे पानांत ऐंशीच्या घरात सापडतील. असं पुस्तक छापीलच घ्या.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात ही तक्रार वेगळी. पुष्कळ फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण फाइलमध्ये भाषा ‘मराठी’ अशी नोंदवलेली नसेल तर हिंदी रूप पुढे येतं. तुमच्या वाचन-ॲपमध्ये फॉन्ट बदलता येत असेल तर दुसरा एखादा देवनागरी फॉन्ट लावून पाहा. न जमल्यास गोडीने सोडून द्या, वाचनात त्याने अडत नाही.

प्रकाशकाला चुका जरूर कळवा. कळवताना पान क्रमांक देऊ नका, टाइप लहान-मोठा केला की तो बदलतो. प्रकरण आणि पूर्ण वाक्य लिहा. ई-पुस्तक दुरुस्त करून पुन्हा चढवणं ही थोड्या वेळाची गोष्ट असते आणि त्याला पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. वाचकांनी ही कळवाकळवी केली तर मराठी ई-पुस्तकं खरोखर सुधारतील.

दर पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांवर पांढरी बुरशी येते. डांबरगोळ्या टाकल्या, उपयोग नाही. सगळं विकून ई-पुस्तकंच घ्यावीत का? – एक वाचक, चिपळूण

विकू नका. डांबरगोळी कीटकांसाठी असते, बुरशीवर ती चालत नाही, आणि बंद खोलीत तिचा वास माणसालाच बाधतो. बुरशीला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे दमट, थांबलेली हवा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की ती धरते. कोकणात जून ते सप्टेंबर आकडा त्याच्या वरच असतो. तेव्हा आर्द्रता पूर्ण घालवण्यापेक्षा हवा हलती ठेवण्यावर भर द्या.

कपाट बाहेरच्या भिंतीपासून ओढून घ्या, मागे चार बोटं तरी जागा हवी. पावसाचा मारा बसणारी भिंत असेल तर कपाटाची जागाच बदला. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असू द्या. पुस्तकं ठासून भरू नका. दोन पुस्तकांमध्ये बोट सहज गेलं पाहिजे. काचेची दारं पावसाळ्यात दिवसातून तासभर उघडी ठेवून पंखा लावा, पण बाहेर धो धो कोसळत असताना नको, उघाडीला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं सर्वांत वाईट, कारण कागदातला ओलावा आतच कोंडतो.

बुरशी आलेली पुस्तकं आधी वेगळी करा. ओली बुरशी पुसली तर ती कागदात पसरते, म्हणून पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी उघडून सावलीत वाऱ्यावर सुकू द्या. उन्हात टाकू नका. पुठ्ठा वाकतो आणि कागद पिवळा पडतो. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे झटका. दमेकऱ्यांनी हे काम करू नये.

कसर वेगळी. पानांत बारीक गोल भोकं आणि खाली भुसा दिसला तर आत अळी आहे. पुस्तक पूर्ण कोरडं असेल तर दोन जाड पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, चोवीस तास तशीच राहू द्या. बाहेरचं दव पिशवीवर साचलं पाहिजे, पानांवर नाही. साध्या फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी टिकत नाही, तिथे हा उपाय लागू पडत नाही.

चिकट, गुळगुळीत आर्ट पेपरवरचं चित्रांचं पुस्तक भिजलं तर मात्र घाई करावी लागते. ते एकदा सुकलं की पानांची वीट होते. सुकण्याआधीच पानापानांत बटर पेपर घाला, किंवा तसंच फ्रीजरमध्ये टाकून वेळ मिळवा.

ई-पुस्तकाकडे वळायचंच तर जी पुस्तकं एकदा वाचून संपतात ती तिकडे न्या. संदर्भाची, सहीची, आजोबांच्या टिपणांची ठेवा. कपाट अर्धं रिकामं झालं की उरलेल्यांना हवा आपोआप मिळते.

नवं पुस्तक उघडताच मधली पानं सुटली. आता? – एक वाचक, कोल्हापूर

ती नुसत्या डिंकाची बांधणी होती. जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेल्या पुस्तकात वरून पाठीकडे पाहिलं की त्या गठ्ठ्यांच्या छोट्या कमानी दिसतात, आणि दर सोळा पानांच्या मधोमध दोरा. डिंकाच्या पुस्तकात सगळे कागद सुटे, सरळ कापलेले असतात. घेताना एवढं पाहून घ्या.

सुटलेलं पान सेलोटेपने चिकटवू नका, काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि पान घेऊन निघतो. पानाच्या आतल्या कडेला दोन-तीन मि.मी. रुंद, पातळ फेविकॉल लावा, पान खोल शिवणीत बसवा, दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून पुस्तक मिटा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. जास्त फेविकॉल लावला तर शेजारची दोन पानंही चिकटतात.

डोंबिवली ते सीएसएमटी रोज जाऊन-येऊन अडीच तास. श्राव्य पुस्तक लावतो, पण वीस मिनिटांनी काय ऐकलं ते आठवत नाही. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हेच का? – एक वाचक, डोंबिवली

ऐकणं कमी दर्जाचं नाही. शांत जागी ऐकलेलं आणि वाचलेलं किती समजलं याची तुलना करणारा एक प्रयोग २०१६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तुमची अडचण लोकलची आहे. लक्ष सुटलं तर डोळा आपोआप ओळीवर परततो, कान परतत नाही. आवाज पुढे निघून जातो.

त्यामुळे पहिला बदल पुस्तकात करा. घटना असलेली, पात्रं थोडी असलेली कथा-कादंबरी, प्रवासवर्णन, आत्मचरित्र गर्दीत टिकतं. वैचारिक लेख, तळटीपांचा इतिहास, आकडे असलेलं काहीही टिकत नाही. बोलीतलं लेखन तर मुद्दाम ऐकाच. मालवणी किंवा अहिराणी संवाद डोळ्यांनी अडखळत वाचणाऱ्याला कानांनी सहज कळतात, अट एवढीच की वाचणाऱ्याच्या तोंडी ती बोली असावी. पाच मिनिटांचा नमुना ऐकून हे कळतं.

दुसरं, वेग. मराठी वाचन १.२५ पटीने बहुतेकांना झेपतं, पण गाडीच्या खडखडाटात नाही. तिथे १ वरच ठेवा. चाळीस सेकंद मागे जाता येईल असं बटण हाताशी ठेवा आणि शरम न बाळगता वापरा. उतरायच्या आधी एक मिनिट थांबवा आणि शेवटचा प्रसंग मनात एकदा म्हणा. दुसऱ्या दिवशी धागा सापडतो तो यामुळे.

तिसरं, कानांची काळजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. लोकलचा आवाज बुडवायला आपण इअरफोन त्याच्यावर चढवतो, तिथे ही मर्यादा मोडते. कानात घट्ट बसणारी रबरी टोपी असलेले इअरफोन घ्या, म्हणजे आवाज न वाढवता ऐकू येईल. फलाटावर आणि रूळ ओलांडायच्या पुलावर एक कान मोकळा ठेवा.

फाइल घरीच उतरवून ठेवा. दर सेकंदाला ६४ किलोबिटच्या दर्जाने एक तासाला साधारण २९ एमबी लागतात, आठ तासांच्या पुस्तकाला २३०. आणि घेण्याआधी ‘संक्षिप्त’ असा उल्लेख आहे का पाहा. नोव्हेंबर २०१७मध्ये स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप भारतात आलं ते इंग्रजी, हिंदी आणि मराठी या भाषा घेऊन, तेव्हापासून संपूर्ण पुस्तकं मराठीत वाढली आहेत.

फोनच मजकूर वाचून दाखवतो, मग श्राव्य पुस्तक विकत कशाला? – एक वाचक, अमरावती

बातमी, पत्र, अभ्यासाच्या नोंदी यांसाठी फोनचा आवाज पुरेसा आहे. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये मजकूर बोलून दाखवण्याची सोय शोधा, भाषा मराठी निवडा आणि आवाजाची फाइल उतरवा.

साहित्यात तो अडखळतो आणि त्याची कारणं आपल्या लिपीतच आहेत. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार, चिन्ह मात्र एकच. ‘चार’ माणसं आणि गुरांचा ‘चारा’ यांतले च वेगळे. ‘जरा थांब’मधला जरा वेगळा आणि म्हातारपण या अर्थाची ‘जरा’ वेगळी. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, हा फरक वाक्य समजल्याशिवाय करता येत नाही. शिवाय ‘केलं’, ‘घरं’ यांवरचा अनुस्वार आपण नाकात म्हणत नाही, शेवटचा अ लांबवतो. यंत्र कधी कधी ‘केलम्’ म्हणून मोकळं होतं. संवाद असलेल्या कादंबरीत पानापानावर हे होतं. चांगल्या वाचकाला मोबदला मिळावा म्हणूनही श्राव्य पुस्तक विकत घ्या.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. पुस्तकं जड आणि महाग, पीडीएफ फुकट. कागद सोडू का? – एक वाचक, पुणे (सदाशिव पेठ)

पूर्ण सोडू नका. २०१८ साली ५४ अभ्यास आणि पावणेदोन लाखांच्या आसपास वाचक एकत्र घेऊन केलेलं एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात माहितीपर मजकूर कागदावर अधिक समजतो असं दिसलं, आणि वेळेचं बंधन असेल तर फरक वाढतो. कथात्म मजकुरात मात्र फरक नव्हता. तुमचा मजकूर माहितीपर, वेळेच्या बंधनातला. मूळ पाठ्यपुस्तक कागदावर, चालू घडामोडी आणि उजळणी पडद्यावर, अशी वाटणी करा.

पडद्याचा खरा फायदा शोधण्यात. तिथे मराठीची एक खोच आहे. ‘शाळा’ शोधलं तर ‘शाळेत’, ‘शाळेचा’ सापडत नाही, म्हणून फक्त ‘शाळ’ शोधा. ‘पाणी’साठी ‘पाण’. आडवा र दोन वेगळ्या सांकेतिक पद्धतींनी साठवता येतो, त्यामुळे डोळ्यांना सारखा दिसणारा ‘दुसऱ्या’ शोधात हुकतो. मग ‘दुस’ शोधा. काहीच सापडत नसेल तर पीडीएफमधली एक ओळ उचलून नोंदवहीच्या ॲपमध्ये डकवा. रोमन अक्षरांचा कचरा उमटला तर फाइल जुन्या फॉन्टातली आहे, ओळ उचललीच गेली नाही तर ती पानांची छायाचित्रं आहेत. दोन्ही प्रकारांत शोध चालणार नाही.

फुकट मिळतं म्हणून काहीही उतरवू नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं आणि मराठी विश्वकोश हे अधिकृतपणे, मोफत वाचायला मिळतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी, पुढच्या १ जानेवारीपासून लेखन मुक्त होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११च्या १ जानेवारीला मुक्त झालं.

दिवाळी अंकांच्या पीडीएफ सहा इंची ई-रीडरवर वाचताच येत नाहीत. – एक वाचक, बेळगाव

पीडीएफ म्हणजे गोठलेलं पान, त्यात टाइप मोठा होत नाही, फक्त पान फुगतं. दिवाळी अंकाचं पान साधारण १८ बाय २४ सें.मी. आणि दोन स्तंभांचं असतं. एक स्तंभ सात-साडेसात सें.मी. भरतो, तुमचा पडदा ९ सें.मी. पान अख्खं न पाहता एकेक स्तंभ पडद्याच्या रुंदीला भिडवला तर अक्षर छापील आकारापेक्षा थोडं मोठंच दिसतं. संगणकावर स्तंभ कापून नवी पीडीएफ करणारं मोफत के-टू-पीडीएफ-ऑप्ट हे साधन आहे. स्तंभ दोन आणि पडद्याचा आकार सांगितला की ते पानं तोडून एकाखाली एक लावतं. चौकटी, व्यंगचित्रं आणि जाहिराती मध्ये आल्या तर क्रम चुकतो, तेवढी पानं वगळा. कविता आणि चित्रं भरपूर असलेला अंक टॅबवर किंवा कागदावरच पाहावा.

मुलं आठ आणि दहा वर्षांची. मराठी बोलतात, देवनागरी अडखळत वाचतात. नुसतं ऐकवलं तर चालेल? – एक वाचक, न्यू जर्सी

नुसतं ऐकून शब्द वाढतील, अक्षर येणार नाही. एकाच पुस्तकाचं छापील रूप आणि ध्वनी जुळवा. रोज दहा मिनिटं पुरे. वेग ०.८५ ठेवा, मुलाचं बोट ओळीखाली. पहिल्या दिवशी आवाज पुढे, बोट मागे. दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद आवाजासोबत मोठ्याने. तिसऱ्या दिवशी आवाज बंद. नवा परिच्छेद चौथ्या दिवशी. घाईने रोज नवं घेतलं तर मूल अक्षर न पाहता पाठ म्हणू लागतं, ते ओळखायला मधल्याच ओळीवर बोट ठेवून वाचायला सांगा. ध्वनी नसेल तर आजीकडून फोनवर रेकॉर्ड करून मागवा. मुलांना तो आवाज जास्त ओळखीचा असतो.

घेतलेलं ई-पुस्तक मैत्रिणीला देता येत नाही. मग ते माझं का नाही? – एक वाचक, पणजी

कारण तुम्ही प्रत घेतलेली नसते, वाचायची परवानगी घेतलेली असते. २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या कादंबऱ्यांच्या हक्क नसलेल्या आवृत्त्या ग्राहकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढल्या होत्या, पुढे माफी मागितली. कागदी प्रत तुमची. ती द्या, विका, वारसाने ठेवा. ज्या पुस्तकावर घरात चार जण हक्क सांगतात ते छापीलच घ्यावं.

शेजारच्या काकांची दृष्टी गेली आहे. त्यांना हवं ते पुस्तक मी रेकॉर्ड करून देऊ शकतो का? कसं करायचं? – एक वाचक, सांगली

देऊ शकता. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या वाचनासाठी पुस्तकाचं सुलभ रूप करायला मुभा दिली आहे. ते काकांना द्या, पण यूट्यूबवर किंवा गटात टाकू नका, तिथे ही सवलत संपते. आधी सुगम्य पुस्तकालयात पाहा. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी आहे. पुस्तक तिथे असेल तर तुमचा महिना वाचेल.

नसेल तर कपड्यांचं कपाट असलेली लहान खोली निवडा, लटकलेले कपडे आवाज घुमू देत नाहीत. पंखा बंद, फोन विमान मोडवर. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर असला तर प, फ, भ म्हणताना वाऱ्याचा फटका बसतो. आधी दोन मिनिटांचा नमुना घेऊन इअरफोनवर ऐका. फोनमध्ये आवाजाची पट्टी दिसत असेल तर ती सर्वांत मोठ्या आवाजालाही टोकाला भिडू देऊ नका.

एक पान मोठ्याने वाचायला सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. २०० पानांचं पुस्तक आठ तासांच्या आसपास, आणि चुका दुरुस्त करून त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा. चुकलात तर थांबून एकदा टाळी वाजवा आणि पूर्ण वाक्य पुन्हा वाचा. संपादन करताना आलेखात टाळीचं टोक लगेच दिसतं. एका बैठकीत चाळीस मिनिटांवर जाऊ नका, आवाज बसतो आणि पुढच्या प्रकरणात वेगळा माणूस वाचतोय असं वाटतं.

सुरुवातीला पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष सांगा. प्रत्येक प्रकरणाआधी पान क्रमांक सांगा, काकांना कुणाशी चर्चा करताना तो लागतो. तळटीप आली तर ‘टीप’ म्हणून वाचा आणि ‘टीप संपली’ म्हणा. चित्राचं दोन वाक्यांत वर्णन करा, मत देऊ नका.

प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, एका वाहिनीची (मोनो), ६४ किलोबिटची. नावं ००१, ००२ अशी द्या. १, २, ३ अशी दिली तर पुष्कळ यंत्रं १ नंतर १० आणि मग २ वाजवतात, आणि दिसत नसलेल्या माणसाला प्रकरणं उलटसुलट का झाली हे कळायला मार्ग राहत नाही. पेन ड्राइव्ह देताना त्यात दुसरं काहीही ठेवू नका, आणि पहिल्यांदा काकांच्या यंत्रावर, त्यांच्याच हातांनी, पहिल्या फाइलीवरून दुसरीवर जाऊन पाहा.